बाईसाहेबांचा उजवा पाय

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केला असं समज. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुझी तब्येत कशी आहे? अक्काच्या तिसऱ्या मजल्यावरची हवा मानवते ना? अक्का फोनवर सांगत होती की तू सकाळी उठून गॅलरीत बसतोस, तो जेवायला हाक मारेपर्यंत तिथेच असतोस. बसायला माझी हरकत नाही, पण जन्मभर सगळ्यांच्या आधी उठून पावाची गाडी हाकलेला माणूस आता खुर्चीत बसून खालच्या मोटारी बघतो, हे काही मला रुचलं नाही. असो. आम्ही सगळे ठीक आहोत. मंडळींचे गुडघे कुरकुरतात, पण मंडळींपुढे त्यांचं काही ऐकू येत नाही.

तुझं मागचं पत्र पोचलं. घोडीबद्दल तू लिहिलंस की तिचे हाल करू नका, डॉक्टरांना सांगून शांतपणे संपवा, म्हातारी झाली, आता तिचा कुणाला उपयोग नाही. मी पत्र दोनदा वाचलं आणि ठरवलं की या बाबतीत तुझं ऐकायचं नाही. लहानपणापासून ऐकतच आलो आहे (तू म्हणालास म्हणून भट्टीच्या धुराड्यावर चढलो होतो, आणि मला उतरवायला अर्धी गल्ली गोळा झाली होती), तेव्हा एकदा न ऐकून बघू म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इथे बाईसाहेब सकाळी दार उघडल्याबरोबर माझ्या खिशात नाक घालतात, आणि खिशात काही नाही हे कळल्यावरही नाक काढत नाहीत. अशा वेळी 'संपवा' हा शब्द तोंडातून निघत नाही.

तर मी स्वतःच उपचार सुरू केले. पाणीपुरवठा कार्यालयात जन्म घालवलेल्या माणसाला घोड्याच्या खुरातलं जेवढं कळतं, तेवढं मला कळत होतं. चालताना बाईसाहेब डावा पाय टेकला की मान खाली टाकायच्या. मी म्हटलं, झालं, डावा दुखतोय. मग रोज कोमट मिठाचं पाणी बादलीत घ्यायचं, डावा पाय त्यात ठेवायचा, आणि तो तिथेच राहावा म्हणून मी वाकून धरायचा. (कंबरेचं कारण हे.) बाईसाहेबांनी ही सेवा इतक्या शांतपणे करून घेतली, की मला वाटलं आपल्या हाताला गुण आहे. सुधारणा मात्र काडीची नाही. शेवटी हात टेकले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी घोडीला अंगणात इकडून तिकडे चालवलं, आणि मला विचारलं, की चांगल्या पायाची एवढी काळजी घेताय, तर दुखऱ्या पायाने काय घोडं मारलंय? घोडा म्हणे चांगल्या पायावर भार टाकतो, म्हणून त्या पायाला मान खाली जाते. दुखरा टेकला की मान वर उचलतो. म्हणजे दुखणं उजव्याला आणि इतके दिवस अंघोळ डाव्याला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. मंडळी हे दाराआडून ऐकत होत्या. त्यानंतर आमच्या घरात कुठल्याही विषयावर माझं मत विचारलं गेलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंचं निदान असं, की दुखणं जुनं आहे, खुराची टाच पार खचली आहे आणि तळवा कागदासारखा पातळ झाला आहे. नाल काढायचे, पुढून वाढलेला खूर नालबंदाकडून थोडा थोडा कापून घ्यायचा, खुराक बेताचा, आणि मुख्य म्हणजे रोज थोडं चालवायचं. चालली तर खूर पुन्हा जोर धरेल. उन्हाळा लागेपर्यंत पाय नीट टेकला नाही, तर मग तुमचे भाऊ म्हणतात तेच करावं लागेल, असंही त्या जाताना म्हणाल्या. मंडळींची त्या दिवशी चहात साखर घालायची राहिली आणि मी तो तसाच प्यायलो.

आणि चालवायचं म्हटलं, तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. अंगणातल्या मऊ मातीत बाईसाहेब खांबासारख्या उभ्या. ओढलं, ढकललं, गाजर दाखवलं. (गाजर खाल्लं.) एके दिवशी वैतागून फाटक उघडलं आणि दोर सैल सोडला, तर त्या लंगडत का होईना, आपल्याआपण निघाल्या. कोपऱ्यावर डावीकडे वळल्या, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा, ती तुझी पावाची फेरी होती.

बेकरी बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण तिने एक दार चुकवलं नाही. प्रत्येक दाराशी थांबायचं, पाव द्यायला लागतो तेवढा वेळ उभं राहायचं, मग पुढे. दारं मात्र ती राहिली नाहीत. मास्तरांच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे. तिथल्या मुलीने विचारलं, नंबर लावलाय का, आणि तिची नजर माझ्याकडे नसून घोडीच्या दातांकडे होती. पुढच्या घरातला तरुण बाहेर आला, त्याला वाटलं मी वर्गणी मागायला आलोय, आणि त्याने काही न विचारता दार लावलं. आधी मला हसू आलं. मग तुझी घंटा, गाडीच्या पेटीचं झाकण उघडल्यावर येणारी ती वाफ, बाबा फाटकात उभे राहून तू दिसेनासा होईपर्यंत बघायचे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आपण फार चांगल्या घरात वाढलो, दादा. हे तुला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. फेरीतल्या शेवटच्या गल्लीत शिवणवाल्या बाईंच्या दाराशी घोडी थांबली, ती हलेचना. मला वाटलं पाय दुखावला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. इतर दारांशी एका पावापुरतं थांबणारी घोडी इथे आख्खी भट्टी रिकामी होईल इतकी थांबते. त्या गल्लीतले लोक पाव गार येतो म्हणून तक्रार करायचे, तेव्हा तू बाबांना सांगायचास की तिकडचा रस्ता खराब आहे. रस्ता मी नीट पाहिला. उत्तम आहे.

बाई खिडकीतून बघायच्या. मग एकदा टेप घेऊन बाहेर आल्या, खाली बसल्या आणि घोडीच्या उजव्या खुराचं माप घेतलं. पुढच्या खेपेला जाड किंतानाचा, आत नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, थर दिलेला बूट तयार होता, वर बांधायला पट्टे. डावा पाय उघडा वाईट दिसतो म्हणून त्याचाही केला. त्या बुटांनी जी जादू केली ती माझ्या बादलीने जन्मात केली नसती. घोडी दगडावरूनही पाय टाकू लागली. बुटाचे पट्टे बांधता बांधता बाईंनी मला एकच गोष्ट विचारली, की ते अजून दाढी करताना हनुवटीवर कापून घेतात का. मी म्हटलं, अक्का म्हणते हल्ली रोज करत नाही. त्यावर त्यांनी बांधलेला पट्टा सोडून पुन्हा बांधला.

इकडे व्हायचं ते झालं. मी रोज सकाळी शिवणवाल्या बाईंच्या दारात तासभर उभा असतो ही बातमी मंडळींपर्यंत पोचली. मंडळी दुसऱ्या दिवशी सोबत आल्या, गुडघ्यांसकट. घोडी थांबली, बाई बाहेर आल्या, दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि मंडळी आत जाऊन बसल्या त्या उन्हं चढेपर्यंत. येताना मला एवढंच म्हणाल्या, की तुमच्या दादांसारखा मुखदुर्बळ माणूस सात गावं शोधून सापडायचा नाही. उशांचे अभ्रे शिवायला टाकून आल्या आहेत, म्हणजे उद्याही जायला निमित्त आहे.

बाकी क्षेम. अक्काला नमस्कार, तिच्या मुलांना आशीर्वाद. औषधं वेळेवर घे आणि गॅलरीतून उठत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. घोडीचे हे शेवटचे दिवस आहेत, एकदा येऊन भेटून जा, असं लिहून तुला बोलावणार होतो. पण कालच डॉक्टरीणबाईंनी तिला दुडक्या चालीने पळवून बघितलं. मान सरळ, पाय सरळ. अजून काही वर्षं तिला काही होत नाही. तेव्हा तीही सबब गेली.

ता. क. २ ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? बाईंचा भाचा त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता. महिनाअखेर खोली सोडायची ठरली होती, अर्धं सामान बांधून झालं होतं. हे मंडळींनी मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, आता तरी पत्र लिहा. एवढं लांबण लावायला त्यांनी सांगितलं नव्हतं, 'ये' एवढंच लिहा म्हणाल्या होत्या.

ता. क. ३ काल मी बाईंना सांगितलं की दादा येत्या रविवारी येतोय. त्यांनी विचारलं, तसं त्यांनी स्वतः कळवलंय का? मी हो म्हणालो. आज सकाळी गेलो, तर त्यांनी गाठोडी सोडली होती आणि शिवणयंत्र परत खिडकीशी लावलं होतं. दादा, मी खोटं बोललो आहे. रविवारच्या आत ते खरं कर.