आईचं बीपी का उतरत नाही

प्रिय पल्लवी,

फोन केला असता, पण आपल्या घरी फोन आला की तो स्पीकरवर टाकून मधोमध ठेवतात आणि आबा खाटेवरून सगळं ऐकतात. म्हणून धरमसिंगभाऊंच्या जीपनं हे पत्र कामरगावला पाठवते आहे. एकटी असशील तेव्हाच वाच. पाकीट आधी कुणी उघडलंय असं वाटलं तर तेही कळव.

आईचं बीपी मी इथे, धनजजवळच्या उपकेंद्रात बघते. दिवाळीपासून गोळी चालू आहे आणि आकडा जागचा हलत नाही. आधी मी मशीनवर संशय घेतला. स्वतःच्या दंडाला लावून बघितलं, मग आमच्या आशा कार्यकर्त्या विमलबाईंच्या. मशीन बरोबर. मग गोळ्यांवर घेतला, तर त्याच खोक्यातल्या गोळीनं इथल्या गोमतीबाईंचं बीपी उतरलेलं. मग आईच्या लोणच्यावर. आणि शेवटी, रागावू नकोस, तुझ्यावर. वाटलं, बारावीच्या अभ्यासात तू आईला गोळी द्यायला विसरतेस आणि मला मात्र दिली म्हणून सांगतेस.

इथे संशय घेणारी मी एकटीच नाही. मी खुर्चीत बसलेली असते आणि लोक दारातून विचारतात, डॉक्टर कवा येतीन? मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, बीपी-शुगर मीच तपासते, अडलं तर डॉक्टर मॅडमशी व्हिडिओवर बोलते, असं सांगितलं की माना हलवतात आणि बाहेर जाऊन विमलबाईंना पुन्हा तेच विचारतात. त्यांचं मी मनाला लावून घेत नाही. आपल्या घराण्यात शाळा शिकलेली मी पहिली. मलाही कधी कधी वाटतं, खरी डॉक्टर येईपर्यंत खुर्ची सांभाळायला मला बसवलंय. पण आबा? अश्वजितदादाच्या लग्नात ते सगळ्यांना सांगत होते की आमची सरिता म्हणजे अर्धी डॉक्टर हाय. आणि घरी मी मशीन काढलं की म्हणतात, पोरीच्या हातून तपासून घेऊ काय मी, मले काय झालं?

मागच्या आठवड्यात मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, भागिरथाबाईंना आता दुसरी गोळी जोडू. माझा हात कपाटाकडे जाईना. मी शेजारी बसलेल्या आईला म्हटलं, आजची गोळी माझ्यासमोर घे. तिनं पेला उचलला, नखानं गोळी मधोमध तोडली, अर्धी गिळली आणि अर्धी पदराच्या गाठीत बांधली. रोजचंच काम असावं तसं. हे काय म्हणून विचारलं, तर उलट माझ्याकडेच संशयानं बघत म्हणाली, "एकटीनंच कसं खाऊ वं? तुह्या बापाचंबी तर डोकं दुखते सकाळी."

आपल्या घरात पेरू कापला तरी पहिली फोड आबांसाठी बाजूला निघते. गोळीचंही तेच झालं.

मी मॅडमना तिथल्या तिथे खरं सांगितलं. दुसरी गोळी थांबली. आईनं आधी पहिलीच पूर्ण घ्यायची, असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, नवऱ्याचं बीपी किती आहे? मी गावभर लोकांचे दंड बांधत फिरते आणि आबांचा आकडा मला माहीत नाही. ती अर्धी गोळी कसली आहे ते आबांना ठाऊक आहे का, हे आई सांगत नाही. मला वाटतं, ठाऊक आहे. गोळी चालते त्यांना, फक्त मी तपासलेलं चालत नाही. आता आई पूर्ण गोळी घेणार, म्हणजे आबांची अर्धी बंद. ते सकाळचं डोकं कशानं दुखतं, या विचारानं मला अन्न गोड लागत नाही.

म्हणून हे पत्र. गुरुवारी आबांना इथे पाठव. तपासायला बोलावलंय म्हटलंस तर येणार नाहीत. सांग की उपकेंद्राची खिडकी लागत नाही, अर्ज देऊनही सुतार फिरकला नाही, आणि ताई म्हणते, ज्यांनी अर्ध्या कामरगावची दारं बसवली त्यांनीच ही बघावी. यात खोटं काही नाही. खिडकी खरंच लागत नाही, मी आत्ता उठून पुन्हा ओढून बघितली. हत्यारांची पिशवी घेऊन येतील, खिडकी नीट करतील, मग मी त्यांना घटकाभर बाकावर शांत बसवीन. काम करताना आबा दोन्ही बाह्या कोपराच्या वर दुमडतात आणि नंतर खाली करायला विसरतात. पुढचं मी बघते.

तुझीच,
तुझ्यावर उगाच संशय घेतलेली
ताई