पेट्रोलची नळी आणि सातवा महिना

मामंजी, तुमच्या नातवाने तुमची गाडी पुन्हा उघडून ठेवली आहे. साठी आली तरी हौस काही फिटत नाही त्याची! आज जेवणाच्या टेबलावर पेट्रोलच्या नळ्यांचे तुकडे मांडून मला म्हणतो, "आई, यातली कुठली घेऊ?" म्हटलं, मला काय विचारतोस, तुझ्या आजोबांना विचार. मग खोलीत आले, दार लावलं आणि हे लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी सरळ बोलायची सोय नव्हती. काही सांगायचं झालं तर सासूबाईंना सांगायचं, तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

याच्या वेळचा सातवा महिना होता तो. आपटा गावी तुमच्या बहिणीने माझं डोहाळेजेवण केलं आणि पनवेलला परतताना गाडीत मला पेट्रोलचा वास यायला लागला. मी सांगितलं तर सासूबाई हसल्या. "कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला रॉकेलचा वास आवडतो. हिचं आपलं पेट्रोल!" तुमचे चिरंजीवही हसले. सगळी गाडी माझ्या नाकाची थट्टा करतेय आणि मला रडू येतंय. तुम्ही एकटे हसला नाहीत. गाडी कडेला घेतलीत, बॉनेट उघडलंत आणि नुसते बघत उभे राहिलात. टाकीकडून येणारी तांब्याची नळी आणि इंजिनावरचा पंप यांना जोडणारा रबराचा तुकडा तडकला होता. त्यातून पेट्रोल झिरपत होतं, आणि जवळच धूर जायचा पाइप नुसता तापलेला. "उतरा सगळे. लांब उभे राहा," म्हणालात.

त्यानंतरच्या दिवसांत मी तुमचा किती राग राग केला म्हणून सांगू! मला बाळंतपणाला पुण्याला, आईकडे जायचं होतं. आठव्या महिन्यात प्रवास करायचा नाही हा घरचा नेम, म्हणजे सातवा सरायच्या आत निघायला हवं. एसटीचं नाव काढायची सोय नव्हती. आदल्या खेपेला तुम्हीच मला एसटीत बसवून दिलं होतंत, आणि पुण्याला पोचल्यावर माझं ते मूल गेलं. घाटातल्या हादऱ्यांनी गेलं, असं सगळे म्हणाले. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. आता हे तरी हाताला लागतंय की नाही, या भीतीने माझा जीव टांगणीला लागलेला. मला आई जवळ हवी होती, बस्स. आणि तुम्ही काय करताय, तर परसात बसून नळ्या भिजत घालताय!

सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या तुम्ही न विचारता उचलल्या होत्यात. एकीत बाजारात मिळणाऱ्या काळ्या चकचकीत नळीचा तुकडा, एकीत मुंबईहून आणवलेल्या गाडीच्या कंपनीच्याच नळीचा, एकीत ट्रकला लावतात त्या कापडी वेष्टणाच्या नळीचा, आणि वर पेट्रोल. "अहो, कैऱ्या आल्यात, लोणचं काय तुमच्या डोक्यावर घालू?" सासूबाई ओरडत होत्या. तुम्ही आपले रोज तुकडे काढून, वाकवून, चिमटीत दाबून बघताय. चकचकीत नळी भिजवलेल्या वालासारखी फुगली. कंपनीची फुगली नाही, पण दुकानात पडून पडून इतकी वाळली होती की वाकवल्यावर चिरा दिसल्या. तरी गाडीचा मिस्त्री म्हणाला, "शेट, कंपनीची हाय ती. पुन्याला बिनघोर जाल. काय नाय व्हत." तुम्ही म्हणालात, "तुझी सून बसणार आहे का गाडीत?"

मला मात्र वाटलं, ही सगळी निमित्तं आहेत. मी स्वयंपाकघरातून सासूबाईंना ऐकवलं, "मला पाठवायचंच नाहीये, असं एकदा सांगून तरी टाका म्हणावं!" बाहेर तुमचा कप बशीवर आपटला. तुम्ही चहा तसाच टाकून उठून गेलात.

शेवटी ट्रकची नळी ठरली. ती पेट्रोलमध्ये जशीच्या तशी राहिली होती, फक्त तोंडाशी जराशी सैल होती, म्हणून मिस्त्रीने क्लिपा आवळून बसवली. सातवा संपायच्या आदल्या दिवशी आपण निघालो. मी मागे उशांच्या ढिगात, सासूबाई शेजारी. वाटेत गाडी थांबवून तुम्ही मागे वळता आणि मला, थेट मला, विचारता, "सूनबाई, वास?" मी मान हलवते, नाही. चौक गेलं, खोपोली आली. समोर घाट. घाट चढला की आई. आणि तिथे मला वास आला. अगदी पुसटसा. देवा, आत्ताच का, असं वाटलं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण पोटात बाळ फिरलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येतोय."

तुम्ही बॉनेट उघडलंत. नळी शाबूत होती, पण क्लिपेपाशी ओल होती. एक ट्रकवाला म्हणाला, "गळतीवर साबण थापा, आरामात चढेल." तुम्ही साबण थापलात खरा, पण गाडीचं तोंड पनवेलकडे वळवलंत. सपाट रस्त्याने, बैलगाडीच्या चालीने, जागोजाग थांबून बघत घरी आणलंत. मी सबंध वाट रडत होते. तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मला वाटलं, झालं यांच्या मनासारखं.

मला घरात सोडून तुम्ही त्याच कपड्यांनी एसटी पकडलीत. कुठे गेलात, कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दारात टांगा थांबला आणि आई उतरली, मागून तुम्ही. माझी आई! नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, हे पाळणारी बाई. तिनेच उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगितलं. तुम्ही, मुलाकडचे असूनही, तिच्या दारात हात जोडून उभे राहिलात. म्हणालात, "तुमची लेक आणता आली नाही मला. तुम्ही चला. वेगळी चूल मांडून देतो, शिधा तुमचा. एकदा माझ्या हातून झालंय, पुन्हा नको."

हा कागद मी फाडून टाकणार आहे, तेव्हा लिहूनच टाकते. त्या दिवशी ते ऐकून मी आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. ती पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "आले ना मी, आले ना." तुम्ही अंगणात आमच्याकडे पाठ करून पाय धूत होतात. मी तिच्या खांद्यावरून तुमच्याकडे बघत होते. मामंजी, ते रडणं आईसाठी नव्हतं. तिला मी हे कधी कळू दिलं नाही.