उजव्या बाजूची भोकं

२४ ऑक्टोबर १९९३, रविवार

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली, की लायनेलची पदकं मोज्यांच्या कप्प्यातून बाहेर येतात. लग्नापासूनचा रिवाज! न्याहारीच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र, जुना टूथब्रश, आणि कर्नलसाहेब चष्मा नाकावर ओढून बसलेले. मला हात लावू देत नाही. म्हणतो, "तू आपले चमचे घास."

पण यंदा नोव्हेंबरात, युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला, माजी सैनिकांच्या रांगेत कोण चालणार? उन्हाळ्यात हृदयाने झटका दिला, तेव्हापासून जिन्यातसुद्धा दम खातो. फिलिपाचा फोन आला होता — "आई, बाबांना चालू देऊ नकोस हं. खुर्चीत बसव." लेकीचं खरं आहे. पण मला त्याला चालताना बघायचंय. अजून एकदा तरी! कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहिते.

२९ ऑक्टोबर

पाचही पदकं लख्ख झाली. पहिला रुपेरी क्रॉस, महायुद्धातला, इटलीतल्या नदीवरचा. त्या लढाईचं विचारलं की हा फक्त खेचराचं सांगतो. खेचर पाण्यात उतरेना, ह्याने त्याला शिव्या घातल्या, त्याने ह्याला लाथ घातली! परत न आलेल्यांचं कधी बोलत नाही. मीही आता विचारत नाही.

तो क्रॉस घ्यायला राजवाड्यात गेलो, तेव्हा फाटकातच माझ्या बुटाची टाच मोडली. फोटोत मी त्याच्या दंडाला लटकलेय. सगळ्यांना वाटलं, काय हा नवऱ्याचा अभिमान! कसला अभिमान, पडत होते मी.

शेवटचं मलायातलं. डास, वाळवी, भिंतींना बुरशी. बंगला सरकारी, खुर्च्या सरकारी, बदली झाली की चमचेसुद्धा मोजून परत करायचे. आपलं म्हणावं असं काय, तर एक ट्रंक आणि एक ग्रामोफोन. संध्याकाळी हा बूट काढून व्हरांड्यात बसायचा, मी तबकडी लावायचे. काय दिवस होते!

३ नोव्हेंबर

आज कमालच झाली. चर्चमध्ये फुलं लावायची माझी पाळी होती. नवा काळा कोट घालून दारात उभी, किल्ली शोधतेय. एवढ्यात हा पदकांची पट्टी घेऊन आला आणि सरळ माझ्या कोटाला टोचली. उजव्या बाजूला!

"लायनेल! अरे, ही विधवांची बाजू!"

स्वतःची पदकं डावीकडे, गेलेल्या माणसाची त्याच्या घरच्यांनी उजवीकडे. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला तर ह्यानेच शिकवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात. समोर मिसेस अ‍ॅस्क्यू उभी होती, हेन्रीची पदकं उजवीकडे लावून. हेन्री त्याच नदीवर गेला. लायनेलने तिला कडक सॅल्यूट ठोकला आणि मला हळूच म्हणाला, "काय दिसतेय बघ. आणि हेन्री बिचारा बघायला नाही."

आणि आज तोच माणूस दोन पावलं मागे सरकला, डोळे बारीक केले, नव्या शिपायाची तपासणी करावी तसं मला न्याहाळलं. म्हणाला, "थोडं वर हवं." पुन्हा टोचलं. "हं. शोभतायत."

माझं डोकंच फिरलं! पट्टी हिसकून काढली. नव्या कोटाला दोन भोकं पडली. "जिवंत आहेस अजून! म्हातारचळ लागलाय का तुला?" असं ओरडले. त्याने माझ्या हातातून पट्टी घेतली, हातरुमालात गुंडाळली, गेला.

४ नोव्हेंबर

फिलिपा म्हणते, डोक्याचं काहीतरी असणार, डॉक्टरांना सांग. मी तिच्यावरच डाफरले.

७ नोव्हेंबर

टटल आला होता. निवृत्त सार्जंट मेजर, परेड त्याच्या ताब्यात. पेस्ट्रीचा चुरा गालिच्यावर सांडत म्हणाला, "कर्नलसाहेब, खुर्ची सावलीत ठेवतो तुमच्यासाठी."

"नोव्हेंबरात सावली कशाला रे, गाढवा? पुढच्या रांगेत जागा ठेव. आणि ते तुझं दुसरं पदक तिसऱ्या जागी हवं."

टटलने मान खाली घालून बघितलं. खरंच चुकलं होतं! "बाईसाहेब, साहेबांची नजर अजून घारीची आहे हो," म्हणाला.

मग परवा काय झालं होतं ह्या घारीला? डावं-उजवं कळेना? मला काही उमगत नाही. भीती वाटते.

१४ नोव्हेंबर, रविवार

चालला! गावाच्या चौकापासून स्मारकापर्यंत, टटलच्या आवाजावर, एक पाऊल चुकलं नाही. पदकं डावीकडे, स्मृतिदिनाचं कागदी लाल फूल सरळ. दोन मिनिटांचं मौन सुरू झालं तेव्हा तो पुढे कलताना मला दिसला. मी मनातल्या मनात ओरडत होते — उभा राहा, मेल्या, उभा राहा! राहिला. तुतारी वाजली आणि मला रडू फुटलं, फिलिपाने रुमाल दिला.

घरी येऊन बूट न काढताच भाजलेले बटाटे दोनदा मागून घेतले. मी खूश होते, म्हणून विचारलं, "त्या दिवशी तुला बाजू खरंच कळली नव्हती?"

"बटाटे मस्त झालेत," म्हणाला.

१९ फेब्रुवारी १९९४

लायनेल गेला. खुर्चीत. मी चहा घेऊन आले तोवर.

२६ फेब्रुवारी

दफनानंतर डॉक्टर दारात थांबले. म्हणाले, "मी त्यांना ऑक्टोबरातच स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वर्षीचा नोव्हेंबर काही दिसणार नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

लबाड! एवढं पोटात ठेवून बटाटे खात होतास?

१३ नोव्हेंबर १९९४, रविवार

काळा कोट काढला. पट्टी कुठे लावायची ते शोधावं लागलं नाही. ती दोन भोकं रफू करायची राहूनच गेली होती. पिन बरोबर त्यातच बसली.

त्याला बाजू कळली होती. त्याला जिवंतपणीच मला अशी बघून घ्यायचं होतं. आणि मी हिसकून काढली.

आरशासमोर किती वेळ उभी राहिले. टटल खाली हाका मारतोय, निघायला हवं. शोभतायत रे, लायनेल.