वळणावरचा कठडा

४ फेब्रुवारी

बदली झाली! टोल रस्त्यांच्या देखरेख कक्षात. अनुदान शाखेतली सुखाची खुर्ची सोडून मी इकडे आले, म्हणून सगळ्यांना वाटतंय हिचं डोकं फिरलंय. आडनाव लग्नानंतर बदललेलं, त्यामुळे मी दादाची बहीण हे इथे कुणाला ठाऊक नाही. नसलेलंच बरं.

दादाची मोटारसायकल ज्या वळणावरून खाली दरीत गेली, तिथे कठडा नव्हता. कागदावर होता! राज्य सरकारचं अनुदान घेऊन कंपनीनं रस्ता बांधला, आणि ‘सुरक्षेची सर्व कामे पूर्ण’ असा दाखला कार्यकारी अभियंत्यानं दिला. त्या दाखल्यावर टोल सुरू झाला.

तो अभियंता आता माझ्या समोरच्या केबिनमध्ये बसतो.

६ फेब्रुवारी

ऑफिसात त्याला ‘लोणी’ म्हणतात. बोलणं तसंच. काही अडलं तर निःसंकोच विचारा, म्हणाला. विचारणार आहे.

१९ फेब्रुवारी

दिवसभर त्याच्याशी गोड बोलले. त्याच्यासोबत चहा घेतला. घरी येऊन चूळ भरली.

नवरा म्हणतो, झोपेत दात खातेस. असेल.

११ मार्च

अनुदानाचा पुढचा टप्पा सोडण्याआधी आमदारांची समिती रस्ता बघणार. लोण्याचा बेत — टोलनाक्यावर स्वागत, नवा पूल, मग जेवण. मी मान डोलावली. ड्रायव्हरला वेगळंच सांगून ठेवलंय.

२० मार्च

जमलं!

ड्रायव्हरनं बरोबर वळणावर गाडी थांबवली. समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. कडेशी जाऊन त्यांनी खाली डोकावलं आणि घाईनं मागे सरल्या.

मी म्हटलं, “साहेब, इथला कठडा दाखवता का बाईंना?”

काम प्रगतिपथावर आहे, असं काहीतरी तो हसत म्हणाला.

“पण दाखल्यात तर पूर्ण झालंय. सही तुमचीच ना?”

हसू तसंच राहिलं, घाम मात्र कानशिलावरून ओघळला. कंपनीचा मॅनेजर मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा. दादा गेला तेव्हा यातलं कुणी इथे फिरकलं नव्हतं. आज सगळे वाकून बघत होते! तो प्रत्येक क्षण मी चघळला.

संध्याकाळी लेखी आक्षेप दिला.

२ एप्रिल

लोणी निलंबित. टोल बंद. अनुदान गोठवलं.

खोक्यात सामान भरत होता — कप, चपला, मुलीचा फोटो. दारात मला विचारलं, “बाई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?”

मी दादाचं नाव सांगितलं. तो मटकन स्टुलावर बसला.

घरी येऊन पोटभर जेवले. किती महिन्यांनी!

१७ मे

वहिनीकडे गेले. सगळं रंगवून सांगितलं — घाम, खोकं, स्टूल. ती मटार सोलत ऐकत होती. संपल्यावर विचारलं, मग कठडा कधी होणार?

चौकशी संपल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, म्हटलं. चौकशीला वर्षं लागतील. कंपनीनं तर माणसंही हलवलीत.

ती रोज त्याच रस्त्यानं बसनं दवाखान्यात कामाला जाते. टोल नाही म्हणून ट्रक वाढलेत, सुसाट सुटतात. परवा त्यांची बस अगदी कडेपर्यंत गेली, बायका एकमेकींना धरून बसल्या, म्हणाली.

“ताई, त्या माणसाचं काही करा, असं मी म्हटलं होतं का तुम्हाला? मला तिथे कठडा हवा होता.”

मी भांडले. तूच दादाला विसरलीस, असंही बोलून गेले. चहा न घेता निघाले.

२० मे

सचिवांकडे गेले. आधी कठडा, मगच टोल, या अटीवर पैसे सोडता येतील, म्हणाले. पण त्यासाठी माझा आक्षेप मागे घ्यावा लागेल. तो गेला की चौकशीला आधार उरत नाही, लोणी परत खुर्चीवर.

मेले तरी नाही.

२३ मे

नाही म्हणजे नाही!

५ जून

आक्षेप मागे घेतला, त्याला आठवडा झाला. लोणी सोमवारी रुजू होईल, माझ्याकडे बघून हसेल. वहिनीचा बसमधून फोन आला — वळणावर खांबांसाठी खड्डे खणताहेत.