शांतवनची सतरंजी

उस्मानाबाद, रविवार, १३ ऑगस्ट १९७२

शांतवन म्हणजे हॉस्टेलातला सगळ्यात थोराड विद्यार्थी. बी.ए.ला तिसऱ्यांदा बसलाय. त्याच्या रविवारच्या ख्रिस्ती प्रार्थनेला आता कुणी येत न्हाय. आज मला म्हणाला, "सतरंजी मेसला परत ने. बंद करतो हे." बरं झालं. प्यायला पाणी न्हाय अन् हे डोळे मिटून बसणार!

सतरंजी खांद्यावर टाकली, तेवढ्यात पहिल्या वर्षाची दोन पोरं आली. मिसरूड फुटलेलं न्हाय. उघड्या फरशीवरच बसली.

"पोरांनो, सगळे सोडून गेले," शांतवन म्हणाला.

"दोघं-तिघं असले तरी चालतं की, दादा. तुम्ही सुरू करा."

अन् लागली गायला. लई बेसूर! मेसचं रिकामं पिंप बडवलं तर बरं वाजंल. त्यावर हा घोडा रडायला लागला. किळस आली मला. चौथी शिकून मी घरापासून एवढ्या लांब भाकऱ्या भाजतो. मला कुणी म्हणालं का कधी, चालतं की, दादा?

गाणं संपेपर्यंत सतरंजी खांद्यावरच होती. का थांबलो, कुणास ठाऊक.

मेसला नेलीच न्हाय. झटकून त्याच्या दारात ठेवली. मेसमध्ये उंदीर कुरतडतात, म्हणून. दुसरं काय न्हाय.