आपल्या गाडीच्या तहानेविषयी

सहकारनगर, पुणे
रविवार, ५ डिसेंबर १९९३

ती. दादासाहेब यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगे जमिनीला टेकतात, उरलेल्या तीन अंगांचा नमस्कार मनाने पोचता करतो.) सांगलीची हवा आपल्या पाठीला मानवली का? चि. नीरजा आणि तिचे यजमान मजेत असतीलच. आपण सेवानिवृत्त होऊन लेकीकडे गेलात त्याला वर्ष झाले, पण आमच्या घरात आपण रोज हजर असता; आपली बहीण तशी व्यवस्था ठेवते. पद्मजेची प्रकृती उत्तम आहे आणि स्वभावही पूर्वीसारखाच आहे. आईंना या वयातही सकाळी सहाला चहा लागतो आणि सव्वासहाला तो कालच्याइतका चांगला झालेला नसतो, म्हणजे त्याही उत्तम. तब्येत बिघडली आहे ती एकटीची, आपण जाताना आईंबरोबर आमच्या हवाली केलेल्या गाडीची.

आधी कबूल करतो की अशी गाडी शोधून सापडायची नाही. पंधरा वर्षांची झाली, पण ऐन थंडीत पहिल्या चावीला सुरू होते. शेजारचे श्रीधरपंत त्यांच्या कालपरवाच्या गाडीसमोर सकाळी वीस मिनिटे खोकत उभे असतात (आधी गाडी खोकते, मग ते), तेव्हा मी आपल्या गाडीतून त्यांना हात करून पुढे निघतो. हे सुख आपल्यामुळे लाभले. तिच्याबरोबर आपण जी चाळीस पानांची नियमवही दिलीत, ती तर पद्मजेने देवघरात ठेवली आहे. गाडी धुताना फडके कोणत्या दिशेने फिरवावे इथपर्यंत आपण लिहिले आहे. खडकीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे तपासणी खात्यात काढलेल्या माणसाची वही अशीच असणार.

पण दादासाहेब, ही गाडी पेट्रोल पिते. पिते म्हणजे, आपल्या लहानपणी पाहुणे ताक पीत तसे. आपल्या वहीत चौदा वर्षे दर महिन्याला एकच नोंद आहे : ‘ॲव्हरेज आठ. कारण : पुण्याचे चढ.’ दसऱ्याला गाडीची पूजा झाली, हार घातला, आणि पद्मजेने पाटावर बसल्या बसल्या हिशेब केला तो ॲव्हरेज निघाले सहा. मग ती मला म्हणाली, “दादाच्या हातात आठ देत होती. गाडी तीच, पुणे तेच.” पुढचे वाक्य तिने बोलून दाखवले नाही, बत्तीस वर्षांच्या संसारात तशी गरज उरत नाही. दिवाळीपर्यंत आठ झाले नाहीत तर गुरुवार बंद, असा निकाल झाला.

गुरुवार म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आठवड्यातून एकदा आईंना खडकीला, आपल्या जुन्या क्वार्टरशेजारच्या तुळजाबाईंकडे, न्यायचे. तुळजाबाईंचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या अंथरुणातून उठत नाहीत. दोघी दुपारभर पत्ते खेळतात, एकमेकींना लबाड म्हणतात आणि चार वाजता डोळे पुसून निरोप घेतात. रिक्षात आईंची हाडे हलतात आणि बसची पायरी त्यांना चढवत नाही, म्हणून गाडी नाही तर तुळजाबाई नाहीत.

तेव्हा मी कामाला लागलो. आपले ‘पुण्याचे चढ’ हे निदान मी शब्दशः घेतले. एकतीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला चढांशी झगडायला कोणाची शिकवणी लागत नाही. मी समोच्च रेषांचा नकाशा काढला आणि सहकारनगरपासून खडकीपर्यंत कमीत कमी चढाचा रस्ता आखला. तो येरवड्यावरून जात होता. पाऊण तासाच्या प्रवासाला दोन तास लागले. येरवड्याच्या तुरुंगाची भिंत संपता संपेना तेव्हा आईंनी शांतपणे विचारले, “दिगंबरराव, मला इथंच ठेवून जायचं ठरलंय का?” त्या दिवशीचे पेट्रोल मी पद्मजेला आजतागायत खरे सांगितलेले नाही.

मग उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची, असा प्रयोग केला. आमच्या घरापासून सातारा रस्त्यापर्यंत ती सुंदर घरंगळते. फक्त मार्केट यार्डातून कोबीची हातगाडी आडवी आली तेव्हा हॉर्न वाजवायला चावी फिरवावी लागते, हे आठवायला मला जरा वेळ लागला. (कोबीला फारसे लागले नाही. हातगाडीवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि “शिकून घ्या की आधी!” एवढेच म्हणाला. माझे वय एकसष्ट.) पुढे श्रीधरपंतांनी सुचवले की ॲक्सिलेटरखाली कच्चे अंडे ठेवले आहे असे समजून गाडी चालवा. आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात अंडे कल्पनेतसुद्धा येऊ द्यायला पद्मजा तयार नव्हती, म्हणून मी पिकले अंजीर कल्पून चालवली. ॲव्हरेज सहाच राहिले. पुढे वजन कमी करावे म्हणून जादा चाक काढून घरी ठेवले आणि त्याच दुपारी पंक्चर झाले, तो भाग मी गाळतो.

दिवाळी झाली, गुरुवार बंद झाले. पहिल्या गुरुवारी आई नेहमीच्या वेळी तयार होऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत येऊन बसल्या. चांगले लुगडे, अंबाड्यावर शेवंतीचे फूल. मी चाचरत काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, “मी कुठं निघाले नाही, सहज नेसले.” दुसऱ्या गुरुवारीही त्या सहजच नेसल्या. तिसऱ्या गुरुवारी तुळजाबाईंचे कार्ड आले, कोणाच्या तरी हातून लिहून घेतलेले : ‘दार उघडे ठेवते. वारा येतो, तुम्ही येत नाही.’ आईंनी ते वाचून पदराखाली ठेवले. मला फार वाईट वाटले, दादासाहेब. माझ्या डोळ्यांदेखत पेट्रोलच्या टाकीपायी दोन म्हाताऱ्यांची मैत्री सुकत होती.

शेवटी परवा सर्जेरावांना गाठले. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला ते मालाचे ट्रक दुरुस्त करतात. लहान गाडीकडे सहसा बघत नाहीत. या माणसाविषयी किती लिहू! आधीच्या दोन मेकॅनिकांनी बॉनेट उघडून मान हलवली होती आणि कार्बोरेटर, टायर, ब्रेक आणि माझे नशीब असे सगळे दोषी धरले होते. सर्जेरावांनी एक प्लग काढला, डोळ्यांसमोर धरला आणि वैद्याने जीभ बघावी तसा बघितला. काजळीने काळाभोर. मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीची नळी सोडली, अर्ध्या लिटरची बाटली बॉनेटखाली टांगून तिची नळी जोडली आणि माझ्या शेजारी बसले. बाटली संपून गाडी थांबली तेव्हा बरोबर तीन किलोमीटर झाले होते. वाटेत त्यांनी इंजिनाकडे कान दिला नाही की माझ्या पायाकडे पाहिले नाही. ते सारखे समोरच्या फळीवर टांगलेल्या आईंच्या पिशवीकडे बघत होते.

“गुर्जी, ही पिशवी कशाला अडकवलीया?”

मी म्हणालो, खुंटीला.

“खुंटी न्हाय ती. चोक हाय.”

मग त्यांनी मला पहिलीतल्या पोराला सांगावे तसे, पण अजिबात न हिणवता सांगितले. थंड इंजिन सुरू करण्यापुरते जास्त पेट्रोल जावे म्हणून ती मूठ ओढायची असते आणि लगेच आत ढकलायची असते. आपली मूठ कायम बाहेर, आणि तिच्या दांडीला आईंची पिशवी. (श्रीधरपंतांपुढची माझी सकाळची ऐट कशातून आली होती, ते मला तिथेच कळले.) शिवाय आईंनी यंदा तुळजाबाईंसाठी लाडू-चिवडा न्यायला रुंद पट्ट्याची मोठी पिशवी शिवली, पट्टा मावेना म्हणून मीच मूठ दोन बोटांऐवजी चार बोटे ओढली होती. आठाचे सहा झाले ते असे. सर्जेरावांनी पिशवी उतरवून माझ्या मांडीवर ठेवली, मूठ आत ढकलली आणि पुन्हा अर्धा लिटर भरले. सात किलोमीटर, दादासाहेब! लिटरला चौदा! मला त्या माणसाच्या पाया पडावेसे वाटले, पण गुडघ्यांनी आवरले.

विजयी वीरासारखा घरी आलो. पद्मजेने सगळे ऐकून घेतले, देवघरातून आपली वही आणली आणि नियम सतरावा वाचून दाखवला : ‘स्टिअरिंगच्या डावीकडील खुंटी दोन बोटे बाहेर ओढावी. ती आईच्या पिशवीसाठी आहे. कोणीही हलवू नये.’ मग ती खाली जाऊन पिशवी पुन्हा खुंटीला अडकवून आली. दादा चुकेल का, हा प्रश्नच तिच्या मनात उभा राहत नाही, आणि खरे सांगायचे तर इतकी वर्षे माझ्याही मनात राहिला नव्हता. आपल्यासारख्या तपासणी खात्यातल्या माणसाला चौदा वर्षे चोक आणि खुंटी यांतला फरक कळू नये, याचे मला जे वाटले ते आदरापोटी इथे लिहीत नाही. थोर माणसांच्या हातून होतात त्या चुकाही टिकाऊ असतात, एवढेच म्हणतो.

सर्वांना यथायोग्य. पाचही अंगांनी,

आपला
दिगंबर

ता. क. : आता मुख्य काम. आपण पद्मजेला स्वतःच्या अक्षरात एक कार्ड टाकावे की ती खुंटी नसून चोक आहे आणि नियम सतरावा रद्द समजावा. या घरात आपली सही चालते, माझी फक्त दूधवाल्याच्या वहीत चालते. कृपया उलट टपाली पाठवावे. गुरुवार जवळ येतो आहे.

दुसरा ता. क., गुरुवार, ९ डिसेंबर : हे पत्र चार दिवस तिकिटाअभावी खिशातच राहिले ते बरे झाले. काल मला वाटले की आपले कार्ड येईपर्यंत निदान सर्जेरावांकडून तरी लेखी घ्यावे. ते लिहायला तयार झाले आणि कागदासाठी त्यांनी गाडीचा समोरचा खण उपसला, तर अगदी तळाशी, हत्यारांच्या चिंधीत, एक चिमुकली डायरी सापडली. सन १९७८, अक्षर आपले. ‘जुलै : ॲव्हरेज चौदा. ऑगस्ट : आठ. कारण : आईने चोकला पिशवी अडकवली. गाडीत आपली स्वतःची खुंटी सापडली म्हणून तिला फार आनंद झाला. काही बोललो नाही. यापुढे कारणाच्या जागी पुण्याचे चढ असे लिहावे.’

मी ते दोनदा वाचले. वरच्या पत्रात थोर माणसांविषयी जे वाक्य आहे ते कृपया खोडून वाचावे. मी चुकलो, आणि आपला मेहुणा असल्याचा मला फार अभिमान वाटला. सर्जेरावांनीही डायरी वाचली, चिंधीत होती तशी गुंडाळून ठेवली आणि लेखी द्यायचे सोडून बॉनेट उघडले. पक्कडीने चोकच्या मुठीची तार कार्बोरेटरपासून सोडवली आणि हात पुसत म्हणाले, “आता झाली बघा खुंटी. थंडीत फकस्त दोनदा ॲक्सिलेटर दाबून मग चावी मारायची.” तेव्हा कार्ड पाठवू नये. नियम सतरावा कायम आहे, आणि पद्मजेला वाटते की तो न मोडता गाडी सुधारली हे माझ्या आयुष्यातले पहिले शहाणपण.

आज सकाळी गाडी श्रीधरपंतांच्या गाडीशेजारी उभी राहून दहा मिनिटे खोकली. मग आई पुढे बसल्या, लाडवांची पिशवी खुंटीला अडकवली आणि खडकीपर्यंत तिच्यावर हात ठेवून होत्या. आपले नाव घेऊन म्हणाल्या, “गोपाळनं किती विचार करून बसवलीय ही! नेमकी माझ्या हाताला येते.” मी हो म्हटले. तुळजाबाईंचे दार उघडेच होते.

आपल्या वहीत या महिन्यापुढे ॲव्हरेज चौदा असे लिहिले आहे. कारणाची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे काय लिहावे ते मात्र आपणच कळवावे.