कोरड्या साहेबांची बादली

३ मार्च, सकाळ

सौ.ची तक्रार : ओल्या हाताने वॉशिंग मशीनला स्पर्श केला की झिणझिण येते. मी तिला शांतपणे समजावले की झिणझिण हा अनुभव आहे, पुरावा नव्हे. ती म्हणाली, "मग तुम्हीच लावून बघा हात." विद्युत निरीक्षक हात लावून बघत नाही, मीटर लावून बघतो, असे मी सांगितले. निवृत्तीनंतरही.

मशीनच्या पत्र्यात भटकलेली वीज परसातल्या खड्ड्यातील पाइपावाटे मुकाट जमिनीत उतरली पाहिजे; यालाच अर्थिंग म्हणतात. जमीन तिला किती अडवते, तेवढे ओहम. अडवणूक जितकी कमी, तितके घर सुरक्षित. "म्हणजे जमिनीनं अडवायचं नाही, आणि तुम्ही मात्र माझं प्रत्येक वाक्य अडवायचं," असे सौ. म्हणाली. उपमा चुकीची आहे. सोडून दिली.

जुन्या ऑफिसातून हे ओहम मोजणारा अर्थ टेस्टर मागवला.

४ मार्च

सकाळी मोजणी. पाइपाची तार सोडवली, दोन खुंट्या योग्य अंतरावर ठोकल्या, हँडल फिरवले. काटा पट्टीच्या पार टोकाला, सर्वाधिक ओहमवर, जाऊन बसला. पुन्हा फिरवले. काट्याचे मत बदलले नाही.

सौ. स्वयंपाकघराच्या खिडकीत. "काय म्हणतोय?" मी म्हणालो, विचार करतोय.

माती वाळून खडखडीत झाली आहे, हे लक्षात आले. एक बादली पाणी ओतले. मग मूठभर मीठ. मग आणखी पाणी. बऱ्याच वेळाने काटा पाच ओहमच्या खाली, म्हणजे नियमात, आला. लगेच सौ.ला हाक मारून दाखवला : पाचाच्या आत. तिने विचारले, "म्हणजे आता झिणझिण येत नाही?" मी म्हणालो, येऊच शकत नाही. ती "बरं" म्हणाली आणि मशीनकडे गेली.

प्रश्न निकालात.

त्याच दिवशी, संध्याकाळ

प्रश्न पूर्णपणे निकालात नाही. नोकरीत असताना मी जाण्याआधी काँट्रॅक्टर लोक खड्ड्यात गुपचूप पाणी ओतून ठेवत. ओली माती दिसली की मी मीटरची पेटीसुद्धा न उघडता परत फिरत असे. कोरड्या मातीतले रीडिंग तेच खरे रीडिंग, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकवले की पाठीमागे मला 'कोरडे साहेब' म्हणत. मला ते आवडत असे.

तथापि भेद स्पष्ट आहे. ते फसवण्यासाठी ओतत, मी सुधारण्यासाठी ओतले. 'पाचाच्या आत' हे माझे विधान उच्चारणाच्या क्षणी सत्य होते. ते सत्य राखणे हे विधानकर्त्याचे कर्तव्य. सबब, नवा खड्डा होईपर्यंत रोज सकाळी एक बादली. नवा खड्डा पुढच्या आठवड्यात.

अपराधी वाटण्याचे कारण नाही.

९ मार्च

रोज पाणी घालतो, सोबत मूठभर मीठ. त्या दिवसापासून झिणझिणीची एकही तक्रार नाही. उपाय लागू पडला, हे सिद्ध.

सौ. विचारते, "तिथं काय लावलंय?" काही नाही, म्हणालो. "मग उगवणार काय, खांब?" तिच्या बोलण्यात थट्टा होती, संशय नव्हता. असे मी धरून चालतो.

बादलीवरून मात्र कुरबूर. "ऐन सकाळी बादली कुठं नेता हो? मला लागते." घरात मशीन असताना तिला बादली कशाला, हे विचारणार होतो. पण उलट मला कशाला, असे ती विचारती.

१५ मार्च

मशीनचा आवाजही बंद झाला आहे. पूर्वी त्याच्या घरघरीत वर्तमानपत्र वाचवत नसे. अर्थिंगचा आणि आवाजाचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी नोंद करून ठेवतो. शिवाय शर्टांच्या कॉलरी कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ निघत आहेत.

नवा खड्डा लांबणीवर. या हवेत जमीन फार टणक असते. दुसरे कारण असे की वायरमनला बोलवावे, तर त्याला माझ्याच परसात ओली माती दिसणार. हे दुसरे कारण गौण आहे.

२० मार्च

सौ.चे मनगट दुखते. बोटांना चिरा. बाम चोळून दिला. वयाचा परिणाम, थोडा व्यायाम हवा, असे सुचवले. "होतोय भरपूर," म्हणाली. कोणता, ते सांगितले नाही.

बाम चोळताना उगीचच अपराधी वाटत होते. कारणावाचून परिणाम ही गोष्ट मला कधीच मान्य नव्हती. पित्त असावे.

२४ मार्च

कंबर धरली. दोन दिवस खड्ड्याला पाणी नाही. सौ.ने माझी कंबर शेकली, तिचे मनगट मी शेकले.

उद्या लेक येते आहे, नातीला घेऊन. नात आता धरून धरून चालते. दिसेल त्या वस्तूला धरते.

हे वाक्य लिहून झाल्यावर उठलो. दोन बादल्या तरी ओतायच्याच, असा निश्चय करून न्हाणीघरात गेलो. बादलीत माझा शर्ट साबणात भिजत होता. एखादा हट्टी डाग असावा. बादली तशीच ठेवून परत आलो. निश्चय उद्यावर.

२६ मार्च

काल बादली मोकळी मिळालीच नाही. आज सकाळी लेकीने नातीचे कपडे मशीनमध्ये टाकले, प्लग लावला, बटण दाबले आणि झाकणाला हात लावताच किंचाळली. साबणाचा डबा भिंतीवर. तिचा हात कोपरापर्यंत बधिर. नात तिच्या गुडघ्याला धरून उभी होती. तो गुडघा हाताशी नसता, तर नातीने मशीनलाच धरले असते.

सौ. धावत आली ती माझ्यावर नव्हे, लेकीवर ओरडली, "प्लग कोणी लावला? मी काढून ठेवला होता ना!"

केव्हापासून, असे मी विचारले. "तुम्ही काटा दाखवलात त्या दिवसापासून." म्हणजे कपडे? "हातानं." लेक म्हणाली, "आई, तू बाबांना सांगायचंस ना!" सौ. म्हणाली, "सांगितलं होतं. येऊच शकत नाही म्हणाले. मला धुणं झेपतं गं, यांच्याशी वाद नाही झेपत."

मी पाण्याचा उल्लेख केला. रोज ओतत होतो, काळजीपोटीच, असे म्हणालो. सौ. म्हणाली, "माहीत आहे. मीठ संपलं तेव्हाच कळलं. कोरडे साहेब!"

मग ती लेकीचा हात चोळायला लागली. त्याच मनगटाने.

२७ मार्च

माझे शर्ट मी धुतले. एकही कॉलर नीट निघाली नाही.

सौ.ने फोन करून वायरमनला बोलावले. त्याने नवा खड्डा खणला, नवा पाइप घातला, मशीनमधली खराब तारही बदलली. माती ओली पाहून तो थबकला. "आजी, यापूर्वी इथलं रीडिंग कुणी घेतलं होतं?"

मी घसा साफ केला. मी तोंड उघडायच्या आत सौ. म्हणाली, "कुणी नाही."

हे विधान दिवसभर सर्व बाजूंनी तपासले. दोष सापडला नाही.